थाप मारणारी शेजारीण

कतारमधल्या दुखानच्या आमच्या कंपनी कॉलनीत शेजारी एक दक्षिण आफ्रिकेची बाई राहते. घरात आफ्रिकान्स बोलते, माझ्याशी इंग्रजी. कॉलेजात असताना तिनं तिच्या भाषेतल्या एका नाटकात काम केलं होतं. बाहेरच्या जगाला घाबरून एक कुटुंब कुलपांवर कुलपं लावतं, खिडक्या विटांनी बुजवतं, आणि घरातलं खाणं संपलं तरी दारावर थाप पडली की चिडीचूप बसतं. गोष्ट सांगताना तिनं त्यातल्या म्हाताऱ्याची अशी नक्कल केली की मी हसून लोळले. मग एकदम वाटलं, अगं बाई, हे तर आमचंच मराठी मंडळ!

खोटं नाही सांगत. इतकी वर्षं कतारमध्ये राहून आमच्या ओळखी कोणाशी? पुणेकरांच्या पुणेकरांशी, नाशिककरांच्या नाशिककरांशी. तिला विचारून विचारून मी नाटक मराठीत उतरवलं आणि मंडळाच्या कार्यक्रमासाठी बसवायला घेतलं.

मंडळाच्या सेक्रेटरींनी वाचलं. "वहिनी, छान आहे, पण शेवट फार कडू हो. दार उघडू द्या की! बाहेर पुण्याची मावशी, हातात बाकरवडी. टाळ्या पडतील."

"मावशीला कोण घाबरतं?" मी म्हटलं.

"बरं, आणि नाटक बघायला त्या शेजारीणबाई नकोत हं. कार्यक्रम फक्त सभासदांचा. आपलं घरगुती असतं."

माझं डोकंच फिरलं. जिचं नाटक, तीच बाहेर? दारावर बाहेरून थाप मारायला कोणीतरी लागणारच होतं. तिला मी कलाकार केलं. "कलाकार बाहेरचा चालतो, हा तुमचाच नियम. मागच्या वर्षीचा तबलजी केरळचा होता." सेक्रेटरींनी तिचं नाव कलाकारांच्या यादीत लिहिलं. तिची मात्र एकच अट होती. दार उघडायचं नाही, उघडलं तर नाटक मेलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दोह्याच्या हॉलमध्ये मी नाटकातल्या सासूचं नऊवारी नेसत होते, तेवढ्यात सेक्रेटरी हळूच येऊन म्हणाले, "त्यांचं काम झालं की त्यांना निघू द्या, काय? पंगत सभासदांचीच आहे."

पडदा उघडत होता, मी पदर खोचून स्टेजवर धावले.

नाटक रंगलं. लोक हसले, खूप हसले, आपल्यालाच हसतोय हे कळूनही हसले. शेवटची थाप पडली. ठरल्याप्रमाणे आम्ही सगळे अंग चोरून बसलो. पुन्हा थाप. ती पलीकडे उभी होती आणि तिला उपाशी घालवायची सेक्रेटरींनी तयारी केली होती. संताप संताप झाला माझा. म्हटलं, खलास! नाटक मेलं तर मरू दे.

उठले आणि कडी काढली. ती घाबरून "नो, नो" करत मागे सरकली. मी तिचं मनगट धरून तिला उजेडात आणलं आणि पहिल्या रांगेतल्या सेक्रेटरींना सासूच्याच आवाजात सुनावलं, "ही आज माझ्या शेजारी पंगतीला बसणार. ज्याला भीती वाटत असेल, त्यानं घरी जाऊन आतून कडी लावावी!"