तंबूतला सिनेमा

काल तापलेल्या ताडपत्रीचा वास आला आणि मी लहानपणीच्या चौक गावच्या जत्रेत, सिनेमाच्या तंबूत पोचले. आई आणि आत्या एका घरात राहूनही वर्षभर बोलत नव्हत्या, म्हणून मला मधे बसवलं होतं. पडद्यावरची थोरली बहीण रुसवा सोडून धाकटीकडे पोचली, तेव्हा चिता विझत आली होती. सगळा तंबू रडत होता. आत्याने माझ्यावरून हात नेऊन आईचा हात धरला.

"वयनी, आपन पन असंच करायचं काय गं?"

"नाय गं," आई हुंदका देत म्हणाली. "घरी जाऊ नि एका ताटात जेवू."

मी सिनेमा विसरून त्या दोन हातांकडेच बघत राहिले. पुढे त्या दोघींमध्ये अबोला कधीच झाला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.