जाऊबाईंचं पोर्तुगीज

इंग्रजी भाषेवर आमच्या मोठ्या जाऊबाईंइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही. वास्तविक त्यांचं सगळं काम इंग्रजीच्याच जिवावर चालतं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत बनलेले पाण्याचे पंप जहाजातून आफ्रिकेतल्या पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांत जातात, आणि त्या पंपांबरोबर खोक्यात जे माहितीपुस्तक जातं ते इंग्रजीतून पोर्तुगीजमध्ये आणण्याचं काम तिथून जवळच, आमच्या कोपरच्या घरात होतं. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला निवडायची मेथी, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप आणि मध्ये आमच्या जाऊबाई, चष्मा कपाळावर चढवून, एखाद्या इंग्रजी शब्दाकडे भाजीवाल्याच्या तराजूकडे बघावं तशा बघत बसलेल्या. मी ठाण्याहून गेले की मला समोर बसवून घेतात आणि सांगतात, "अगं धाकटे, ही भाषा म्हणजे माणसं कमी असलेलं ऑफिस आहे. शब्द थोडे आणि कामं ढीगभर. एकेकाला चार-चार खुर्च्यांवर बसवतात. तो नेमका आत्ता कुठल्या खुर्चीवर आहे, ते आपण ओळखायचं."

पोर्तुगीज त्यांच्याकडे आलं तेही अपघातानेच. कॉलेजात असताना त्या जर्मन शिकायला गेल्या होत्या, कारण त्यांची मावसबहीण जर्मन शिकत होती आणि घरात तिचं फार कौतुक चाललं होतं. जर्मनचा वर्ग भरलेला होता. प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "पोर्तुगीजला जागा आहे, आणि त्या खोलीतला पंखा चालतो." दिवस मे महिन्याचे. जाऊबाई पंख्यासाठी गेल्या आणि अडकल्या. शिकवायला एक म्हातारे गोवेकर सर होते. भर उन्हाळ्यात टाय लावून यायचे आणि एकेक क्रियापद असं म्हणायचे की समोर देवाची मूर्ती असावी. वर्गातली मुलं हळूहळू गळली. शेवटी जाऊबाई आणि एक पेन्शनर गृहस्थ एवढेच उरले, आणि पेन्शनर गृहस्थांना झोप लागायची. पुढे लग्न झालं, मुलगा झाला, पोर्तुगीज ट्रंकेत गेलं. ते बाहेर आलं तेव्हा जाऊबाईंच्या केसांत रुपेरी छटा आली होती आणि पंपवाल्यांना गोव्याखेरीज कुठे पोर्तुगीज येणारं माणूस मिळत नव्हतं.

पहिल्याच पुस्तकात घोटाळा झाला. इंग्रजीत लिहिलं होतं, नट घट्ट आवळा. जाऊबाईंनी शब्दकोश उघडला, नटपुढे जो पहिला शब्द दिसला तो टाकला आणि पुस्तक रवाना केलं. काही आठवड्यांनी अंगोलातून कारखान्यात फोन आला. पलीकडचं गिऱ्हाईक फार सभ्य होतं. त्याने विचारलं की पंप उत्तम आहे, पण पुस्तकात जागोजागी अक्रोड आवळायला सांगितलंय, तर हे अक्रोड तुम्ही पाठवणार की आम्ही इथल्या बाजारातून घ्यायचे? जाऊबाईंनी पुन्हा शब्दकोश काढला. खाण्याचा नट वेगळा निघाला आणि लोखंडाचा वेगळा. लोखंडाच्या नटला पोर्तुगीजमध्ये म्हणतात पोर्का. आणि पोर्का म्हणजे डुकरीण. संध्याकाळी मला फोन करून म्हणाल्या, "धाकटे, डुकरीण घट्ट आवळा असं मी माझ्या हाताने लिहायचं?" मी म्हटलं, "वहिनी, त्यांचीच भाषा, त्यांचीच डुकरीण. आपण कशाला लाजायचं?" लिहिलं त्यांनी. अंगोलातल्या गिऱ्हाइकाने आभार मानले.

त्या अक्रोडापासून जाऊबाईंना एक सवय लागली ती लागलीच. कुणीही कुठलाही इंग्रजी शब्द उच्चारला की त्या विचारतात, "कुठला?" आता डोंबिवलीत राहून इंग्रजी शब्द न वापरता मराठी बोलणं म्हणजे चटणीशिवाय वडापाव, त्यामुळे हा प्रश्न घरात अष्टौप्रहर चालू. त्यांचा पुतण्या, म्हणजे माझा मुलगा, घाईघाईत बाहेर पडताना म्हणतो, "काकू, टेन्शन नको, सगळं सेट आहे." लगेच जाऊबाई, "कुठला सेट? दही लागतं तो, कपबशांचा असतो तो, की परीक्षा असते तो?" तो बिचारा दारातच खांबासारखा उभा. साडीच्या दुकानात विक्रेता म्हणाला, "ताई, मॅच होईल ब्लाउजला," तर यांच्या डोक्यात काडेपेटी, क्रिकेटचा सामना आणि ब्लाउज अशा तीन पोर्तुगीज शब्दांची ओळ लागली. विक्रेता साडी धरून थांबलेला आणि या मान हलवत पुटपुटतायत. त्याला वाटलं, रंग आवडला नाही. त्याने आणखी वीस साड्या काढल्या. भाचीच्या साखरपुड्याच्या वेळी तर कळसच झाला. ठाण्याच्या हॉलवाल्याचा फोन आला, "मॅडम, डेट्सचं काय ते फायनल करा." जाऊबाई त्या वेळी कुठल्याशा फळप्रक्रियेच्या मशीनचं पुस्तक करत होत्या. म्हणाल्या, "बिया काढलेले असतील तरच ठेवा." हॉलवाल्याने फोन माझ्या नवऱ्याकडे द्यायला सांगितला.

यात सर्वांत जास्त सोसलं ते मोठ्या भाऊजींनी. भाऊजी जन्मभर बँकेत होते. जाऊबाईंनी त्यांना निवृत्तीच्या दिवशी, हार घालून घरी आल्याबरोबर, सांगितलं की पोर्तुगीजमध्ये बँकेलाही बांकु म्हणतात आणि बसायच्या बाकालाही बांकुच. "म्हणजे तुम्ही इतकी वर्षं बँकेत होतात की बाकावर, हे पोर्तुगीजांना विचारून कळायचं नाही." भाऊजींनी हार काढून खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "आमच्या साहेबांनाही कळत नव्हतं."

सासूबाईंची तक्रार निराळी होती. पंपाला पोर्तुगीजमध्ये बोम्बा म्हणतात. जाऊबाई लिहिताना मोठ्याने म्हणत लिहितात. त्यामुळे शेजारणीने "सूनबाई काय करतात?" असं विचारलं की सासूबाई शांतपणे सांगायच्या, "काही नाही, सकाळपासून बोंबा मारतेय."

एवढं सगळं असून एक गोष्ट आम्हां कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. जाऊबाई पोर्तुगीज लिहायच्या, वाचायच्या, पुटपुटायच्या, पण कुणाशी बोललेल्या आम्ही त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. ते उघड झालं गेल्या वर्षी.

कारखान्याने मोझांबिकहून एका मिस्त्रीला पंप दुरुस्तीच्या प्रशिक्षणासाठी बोलावलं होतं. एलियास त्याचं नाव. तिशीचा, उंचापुरा, इंग्रजी जेमतेम. मॅनेजर आणि तो आपापल्या मोबाइलवरच्या भाषांतराच्या सोयीने एकमेकांशी काम भागवत होते. प्रशिक्षण अर्ध्यावर आलं आणि एलियासला डेंग्यू झाला. कल्याणच्या एका दवाखान्यात त्याला ठेवलं. ताप उतरला, पेशी वाढल्या, सगळं ठीक चाललं होतं. मी त्या दिवशी कोपरला होते. दुपारी मॅनेजरांचा जाऊबाईंना फोन आला. मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. "मॅडम, तो माणूस कालपासून जेवत नाही. बोलत नाही. सलाईन काढायला लावली आणि बूट घालून, बॅग भरून पलंगावर बसलाय. मोबाइल दिला तर बाजूला ठेवतो. तुम्ही येऊन बोलता का जरा?"

जाऊबाई म्हणाल्या, "मला बोलता येत नाही." आणि फोन ठेवला.

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांचा चेहरा उतरला होता. मेथीची एकच काडी त्या बोटांत फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "सर गेल्यापासून मी कुणाशी एक वाक्य बोललेले नाही, धाकटे. उच्चार चुकले तर? तो म्हणेल, ही कोण बाई, आणि ही आमची पुस्तकं लिहिते? मग मी परत टेबलाशी बसू कशी?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, तो परक्या गावात उपाशी बसलाय. त्याला उच्चार वाढायचेत का?" जाऊबाई उठल्या, साडी बदलली आणि आम्ही रिक्षा केली.

कल्याणच्या पत्रीपुलापाशी नेहमीप्रमाणे गाड्या तुंबलेल्या. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, इकडे पाच मिनिटांचा ब्रेक धरूनच चालायचं." मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांनी काही विचारलं नाही. ओठ तेवढे हलत होते. तेव्हा मला त्यांची खरी काळजी वाटली.

एलियास खरोखरच बूट घालून बसला होता. भिंतीकडे तोंड, मांडीवर बॅग, हात बॅगेवर. शेजारी जेवणाचं ताट तसंच. जाऊबाई दारात उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि परीक्षेला उभ्या राहिल्यासारख्या म्हणाल्या, "बोआ तार्द." त्याने मान वळवली. कपाळाला कुंकू लावलेल्या, हातात छत्री घेतलेल्या बाईकडे तो बघतच राहिला. जाऊबाई आणखी एक वाक्य बोलल्या, थोडं अडखळत. आणि मग तो जो सुरू झाला तो थांबेना. हात हलवत, छातीवर आपटत, बोलता बोलता डोळे पुसत. जाऊबाई पलंगाच्या कडेला बसल्या. मध्ये एकदा त्यांनी हाताने "हळू" अशी खूण केली, मग तीही करेनाशा झाल्या. शेवटी त्याने मोबाइल उघडून त्यांच्यापुढे धरला.

मॅनेजरांनी त्याला इंग्रजीत कळवलं होतं की उद्या तुझा डिस्चार्ज आहे, गाडी घ्यायला येईल. मोबाइलने त्यातून शब्द काढला होता दिस्पेन्सादु. म्हणजे, तुला उद्यापासून कामावरून मोकळं करण्यात येत आहे. एलियासने हिशेब जुळवला की आजारी पडलो, प्रशिक्षण बुडालं, कंपनीने काढून टाकलं. निघताना त्याची सगळी गल्ली निरोप द्यायला आली होती. आईने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं होतं, मुलगा साहेब होऊन येणार. आता कुठल्या तोंडाने परत जाऊ, म्हणून तो भिंतीकडे बघत बसला होता. पण काढलंय म्हटल्यावर गाडी येईल तेव्हा तयार तरी असावं, म्हणून बूट.

जाऊबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नाउं. आल्ता."

"आल्ता?" तो म्हणाला.

"आल्ता," जाऊबाई म्हणाल्या. दवाखान्यातून बरं होऊन सुटण्याला तिकडे आल्ता म्हणतात. नर्सने मला हळूच विचारलं, "आलता कुणाला लावायचाय?" तिकडे एलियासने दोन्ही हातांत तोंड लपवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. जरा वेळाने हात काढले तेव्हा तो हसत होता.

दारात थांबलेल्या मॅनेजरांना जाऊबाईंनी हे सांगितलं, तेव्हा ते घाबरून म्हणाले, "अहो, काढून कसा टाकीन? मी तर म्हटलं, घरी पाठवतो."

"घरी पाठवतो असं तर मुळीच म्हणू नका," जाऊबाई म्हणाल्या. "आपल्यातसुद्धा त्याचा अर्थ धड नाही."

मग तो वरणभात जेवला. जेवता जेवता तो काहीतरी म्हणाला आणि जाऊबाई लाजल्या. त्यांना मी लाजताना प्रथमच पाहत होते. परतीच्या रिक्षात सांगितलं, "म्हणाला, आजीच्या गावच्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांसारखं बोलता. असं शुद्ध आता कुणी बोलत नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "सरांचे उच्चार आहेत ते. टायसकट आलेत."

प्रशिक्षण संपेपर्यंत एलियास दर रविवारी कोपरला जेवायला यायचा. सासूबाईंनी त्याच्यासमोर साबण धरला, तो म्हणाला साबांउ. पाव धरला, पांउ. चावी, बटाटा, अननस, सगळ्याला तो मान डोलवत होता. सासूबाई सुनेकडे वळून म्हणाल्या, "एवढं शिकायला तुला इतकी वर्षं लागली? हे तर मला येतंच." दोघं दोन रविवार नुसत्या नामांवर गप्पा मारत होते आणि त्यांचं कुठे अडलं नाही. जाताना तो सासूबाईंच्या पाया पडला. कुणी शिकवलं कोण जाणे.

आता पुस्तकं मोबाइलसारखंच कुठलंसं यंत्र करतं. जाऊबाईंकडे फक्त तपासायला येतात, तीही अधूनमधून. त्या कुरकुर करत नाहीत. यंत्रही अक्रोडातूनच शिकेल म्हणतात. टेबलावर मेथीला मात्र आता ऐसपैस जागा असते.

परवाच्या रविवारी गेले तर दार उघडंच होतं. भाऊजी फिरायला गेलेले, सासूबाई निजलेल्या. जाऊबाई बाल्कनीत पाठमोऱ्या उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. पलीकडे एलियासची आई होती, हे मला नंतर कळलं. मी आत सोफ्यावर बसले. एक अक्षर कळत नव्हतं. पण आवाज ओळखीचा वाटेना. आमच्या जाऊबाई तोलून, सावकाश बोलतात. ही बाई भराभर बोलत होती, मध्येच कठड्यावर थाप मारत होती, कुणाची तरी नक्कल करत होती आणि मोकळ्या गळ्याने हसत होती. मोठी सून होण्याआधी कधीतरी त्या अशाच हसत असतील. लग्न होऊन आले तेव्हापासून मी या घरची आहे, एका ताटात जेवलोय आम्ही दोघी, पण या बाईशी माझी कुणी ओळखच करून दिली नव्हती. हाक मारावीशी वाटली आणि मारवेना. हाक मारली असती तर ती गेली असती. मी पर्स मांडीवर घेऊन, पाहुण्यासारखी, ऐकत बसले.

फोन ठेवून त्या वळल्या. "अगं, कधीची बसलीयस? बोलवायचं नाही का?" म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.