उलट्या पायांची गाडी

“हा कोन?” असं विचारून मिस्त्री पान्याने समोरच्याच्या उजव्या गुडघ्यावर टकटक करायचा. “गिअर,” असं म्हणावं लागे. मग डाव्या गुडघ्यावर टकटक. “अन् हा?” “ब्रेक.” उत्तर द्यायला जरा उशीर झाला की तो गाडीवरून खाली उतरवायचा, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. “इंग्रज गेला, पन पाय ठिवून गेला,” तो म्हणायचा. “आधी पाय शिका, मंग गाडी.”

आपल्या गाड्यांना ब्रेक उजव्या पायाला असतो आणि गिअर डाव्या. जुन्या विलायती मोटारसायकलींचं नेमकं उलटं. नांदेडला जुन्या मोंढ्याच्या मागे त्याचं पत्र्याचं शेड होतं आणि तिथे अशा उलट्या पायांच्या गाड्या तो पुन्हा जिवंत करायचा. माझं लातूरला स्पेअर पार्टचं दुकान. खेड्यापाड्यांत पडलेल्या गाड्या हुडकायच्या, मिस्त्रीकडे टाकायच्या आणि शौकिनांना मिळवून द्यायच्या, हा माझा जोडधंदा. त्यामुळे त्याचा-माझा पुष्कळ वर्षांचा संबंध.

तो गरीब स्वभावाचा मुळीच नव्हता. बिलोलीकडची घरची शेती भावाच्या अंगावर टाकून आला होता आणि त्याबद्दल कुणी बोललं की भांडायला उठायचा. केसांना मेंदी, गळ्यात रुमाल. टाकीवर सोनेरी रेघ ओढताना तो श्वास रोखून धरायचा आणि आम्हालाही रोखायला लावायचा. एकदा मी शिंकलो. त्याने अख्खी टाकी पुन्हा घासली आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. “मालक, तुमी शेंगदाने इका,” एवढंच म्हणाला.

जळकोटजवळच्या एका वस्तीवर मला ती गाडी सापडली. गोठ्यात होती आणि सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. लातूरचे एक डाळमिलवाले, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, त्यांनी ती घेतली. मिस्त्री वर्षभर तिच्यात गुंतला होता. मिळाले नाहीत ते भाग त्याने स्वतः घडवले. “काय करून राहिलात?” विचारलं की म्हणायचा, “म्हातारीचं लगीन करून राहिलो.” पहिल्यांदा ती सुरू झाली, तेव्हा गल्लीतली माणसं दुकानं सोडून आली. आवाज कसा, तर एखादा भारदस्त माणूस सावकाश बोलतोय असा.

गाडी टेम्पोत घालून न्यायची, असं अप्पांनी मला बजावलं होतं. मिस्त्रीही तेच म्हणाला. पण मला ती लातुरात चालवत न्यायची होती. गंजगोलाईला एक फेरी मारून मगच अप्पांच्या दारात उभी करायची, असं मनात होतं. “मिस्त्री, आयुष्य गेलं माझं गाड्यांवर,” मी म्हणालो. त्याने गुडघ्यांवर टकटक करून विचारलं. मी पटापट उत्तरं दिली. त्याचा नाइलाज झाला.

कंधार फाट्याच्या पुढे एक म्हैस रस्त्यावर आली. मी उजवा पाय जोरात दाबला. पायाने जन्मभर केलं तेच केलं. गिअर पडला आणि गाडी तशीच पुढे गेली. हातातला ब्रेक धरायचं सुचलंच नाही. म्हैस निघून गेली. मी आणि गाडी पुलाच्या कठड्याला.

दवाखान्यात अप्पा धावत आले. “कसं काय झालं हो?” मी म्हणालो, “ब्रेक लागला नाही.”

आपल्या भाषेत हे वाक्य किती सोयीचं आहे बघा. मी ब्रेक लावला नव्हता. ‘लावला’ म्हटलं असतं तर चूक माझी होती. ‘लागला’ म्हटलं आणि ती मिस्त्रीची झाली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. हातात गोणपाटाचं गाठोडं. त्याने ते थेट माझ्या पलंगावर सोडलं. आत मागच्या चाकाची ब्रेकची प्लेट होती, तेलाच्या डागासकट. सिस्टर ओरडली, “अहो, चादर!” त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. अप्पा शेजारीच बसले होते.

“मालक, यात काय खराब हाय ते दावा. अप्पा, तुमी बी बगा.”

मी छताकडे बघत म्हणालो, “मला त्यातलं काय कळतं मिस्त्री? लागला नाही, एवढं खरं.”

“पाय कोनता दाबला?”

“डावा.”

त्याने प्लेट उचलून अप्पांपुढे धरली. मग अप्पा म्हणाले, “उघडून आणलंस, म्हणजे नीट करूनच आणलं असशील की.” मिस्त्रीने गाठोडं बांधलं, चादरीवरचा डाग रुमालाने पुसून बघितला, तो निघेना, आणि गेला.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. जीव टांगणीला लावून शौक कोण करतो? गाड्या येणं बंद झालं. तो फवारणीचे पंप आणि लोखंडी गेट करू लागला. नांदेडला कधी रस्त्यात दिसला तर मीच गल्ली बदलायचो.

पोळ्याच्या आधी तो गेला. मी मातीला गेलो होतो. परतल्यावर त्याच्या अंगणात बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, “हात सोन्याचा हो. ब्रेकात तेवढी माती खाल्ली.” आत त्याची बायको होती. ऐकू जात होतं. मी उठून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. एक जण म्हणाला, “बसा काका, ऊन लागलं असन.”

तेवढ्यात ती दारात आली. “हितं सांगून काय करता? हितं कोन आनून देत होतं गाड्या? ज्याला सांगायचं, त्याला जाऊन सांगा.”

दुसऱ्या दिवशी अप्पांकडे गेलो. ती गाडी त्यांनी मिलच्या ऑफिसात उभी केली होती. वाकलेलं तेवढं सरळ करून, पुसून, पण चालवायची नाही म्हणून दोरी बांधून ठेवलेली. पाय माझा चुकला होता, एवढंच मी सांगून टाकलं. अप्पा आधी रागावले. मग उठून दोरी सोडली, गाडी आवारात काढली आणि या वयात स्वतः बसले. जरा पुढे जाऊन त्यांनी डावा पाय दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. त्यांनी पुन्हा चालवली, पुन्हा थांबवली. मिलमधले हमाल पोती खाली ठेवून बघत होते.

“अरे, काय माणसावर अन्याय केला आपण,” अप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा खुलला होता. “उदगीरहून एक गाडी आलीय माझ्याकडे. दोन वर्षं झाली, कुणाच्या हातात द्यायचा धीर होत नाही. त्यालाच देऊ. मी स्वतः माफी मागतो त्याची. आत्ताच लावा फोन. येतो म्हणाला तर माणूस पाठवतो.”

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.