निवळीचा घाट आणि काकांच्या दोन नळ्या

श्री. दत्ताराम शिवलकर यांची आणि माझी पहिली भेट झाली ती भांडणातून. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मांडवीच्या रस्त्यावर मी लेथचं दुकान थाटलं होतं आणि समोरच त्यांचं, म्हणजे अख्ख्या आळीच्या काकांचं, गॅरेज होतं. मी करून दिलेला एक बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी धातूची कडी, घेऊन ते रस्ता ओलांडून आले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्यो बुश हाय की बायकोची बांगडी?" बुश मापाप्रमाणेच होता, काकांनी दिलेलं मापच चुकलं होतं. हे लक्षात आल्यावर तेही त्यांनी त्याच आवाजात आळीला ऐकवलं. तेव्हापासून आमचं जे जमलं ते आजतागायत.

काका मूळचे लाँचींच्या इंजिनांवर काम करणारे. मोटारींकडे ते मागाहून वळले, पण सवयी दर्यावरच्या राहिल्या. कुठे काही लोंबलेलं, खडखडलेलं त्यांना खपत नसे. आणि माणूस दिलदार किती! ऐन कामाच्या दिवसांत माझ्या लेथची मोटर जळली, तेव्हा काकांनी न विचारता आपल्या कंप्रेसरची मोटर उचकटून माझ्याकडे आणून बसवली आणि स्वतः आठवडाभर हातपंपाने टायर भरत बसले. वर मलाच दम दिला, "आभार मानलेस तर मोटर परत नेईन."

पण काकांचं मोठेपण सांगायचं तर मला सुमतीबाईंच्या तांबड्या गाडीबद्दलच लिहायला हवं. तो प्रसंग आठवला की आजही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही!

सुमतीबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या यजमानांनी हौसेने घेतलेली विलायती, दोन माणसांची, उघडी स्पोर्ट्‌स कार होती. यजमान गेल्यावर बाई हिमतीने गाडी शिकल्या. पण चढ लागला की इंजिनाचं तेल तापून पाणी व्हायचं आणि ऑइलच्या दाबाचा काटा खाली बसायचा. दोनदा त्या घाटात एकट्या अडकल्या. त्यांचे मुंबईचे दीर, भाऊसाहेब, काळजीने गाडीला गिऱ्हाईक ठरवूनच आले. शेवटी ठरलं असं, की बावनदीपासून निवळीचा घाट गाडीने एका दमात, काटा न पडता चढावा. चढली तर बाईंची, नाही तर मुंबईला. बाई काकांना म्हणाल्या, "दत्ताराम, ही गाडी गेली तर मला घराबाहेर पडायला कारणच उरणार नाही."

काकांनी ठरवलं, ऑइल कूलर बसवायचा. कूलर भंगारातून मिळाला. पुढच्या जाळीमागे तो बसवून इंजिनापासून दोन नळ्या न्यायच्या, एकीतून गरम तेल जाईल, दुसरीतून थंड होऊन परत येईल. काकांनी आधी नारळाच्या सुंभाने वाट आखली. सायलेन्सरपासून वीतभर लांब, स्टिअरिंगच्या दांड्याला स्पर्श नाही, कुठे मुरड नाही. त्या मापाने लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातल्या ओळखीच्या फिटरकडून जाड नळ्या कापून, टोकं दाबून आणल्या. जोड मी लेथवर केले. कूलरची तोंडं खाली, नळ्या चासीला धरून, जागोजागी क्लिपा. काय देखणं काम दिसत होतं!

भाऊसाहेब यायच्या आदल्या सकाळी बाईंना बसवून गाडी चालू केली. बाईंनी रेस दिली, तसं इंजिन एका अंगाला कललं, नळ्या ताणल्या आणि जोडातून तेल पाझरू लागलं.

"बंद करा, बाई!" काका ओरडले. मग सगळ्यांच्या देखत म्हणाले, "माझां चुकलां. लाँचीचां इंजिन लाकडावर बोल्टांनी आवळलेलां, तां हलत नाय. ह्यां रबरावर बसलेलां, डुलतां. मी गाडीत लाँचीची नळी बसवली."

दुसऱ्या नळ्या मिळायला वेळ नव्हता. मी म्हटलं, जोड आणखी आवळून बघू. काका माझ्यावर असे काही खवळले! "घाटात नळी निसटली तर बाईंनी काय करायचां? निभावून न्यायचां काम मी करत नाय." आणि ते स्टुलावर बसून कूलरकडे टक लावून बघत राहिले. पुढ्यातल्या चहावर साय धरली. एकाएकी त्यांनी मांडीवर थाप मारली. "उलटा! अरे, कूलर उलटा कर!"

तोंडं वर केली की नळ्यांना खालून वळसा नको. त्याच नळ्या वरच्या वाटेने सरळ जातील आणि ढील शिल्लक राहील! शिवाय गाडी थांबली तरी कूलरमधलं तेल आतच राहील. मी पुढच्या पत्र्याला दोन नवी भोकं पाडली, कडा घासल्या, रबरी बुश बसवले. काकांनी लाकडी दांड्याने इंजिन गदागदा हलवून पाहिलं. नळ्या झोपाळ्याच्या दोरीसारख्या नुसत्या डोलल्या. मला तर नाचावंसं वाटलं!

दुसऱ्या दिवशी बावनदीवर भाऊसाहेब बाईंच्या शेजारी बसले. मागे माझ्या स्कूटरवर काका. गाडी सुटली आणि पहिल्याच वळणावर आम्हाला दिसेनाशी झाली. काका माझे खांदे दाबत ओरडत होते, "वेग घे रे, वेग घे!" स्कूटर बिचारी धापा टाकत होती. प्रत्येक वळणावर वाटे, आता रस्त्याकडेला उभी गाडी दिसणार. पण रस्ता मोकळाच!

माथ्यावर पोचलो तर बॉनेट उघडं, इंजिन चालू, आणि भाऊसाहेब वाकून नळीच्या जोडावरून बोट फिरवत होते. बोट कोरडं होतं. काटा जागच्या जागी होता. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते पुसायचं त्यांना भानही नव्हतं.

"वहिनी, हरलो," भाऊसाहेब हसत म्हणाले.

"मग उतरा," बाई म्हणाल्या. "दत्ताराम, तुम्ही बसा."

मुंबईला गाडी न्यायला आलेले भाऊसाहेब माझ्या स्कूटरवर मागे बसून घाट उतरले. वाटेत त्यांनी विचारलं, "गिऱ्हाइकाला आता काय सांगू हो?" मी म्हटलं, "सांगा, वहिनी घरी नाहीत, फिरायला गेल्यात."

पुढे कितीतरी वर्षं बाई हव्या तेव्हा, हव्या त्या वाटेने एकट्या जात-येत राहिल्या. आज काकांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. ज्यांनी दुसऱ्याचं घराबाहेर पडणं एवढ्या जिद्दीने राखलं, त्यांना स्वतःलाही रोज सकाळी उंबरा ओलांडण्याचं बळ आणि हौस शंभरीपलीकडेही पुरून उरो.