लाल मेणाची वाटी

माझी शाळा पाचवीत सुटली. त्याचं दुःख फारसं झालं नाही, पण एक खोड लागली ती कायमची. समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर पुन्हा विचारायचं नाही, नुसती मान हलवायची. विचारलं तर अडाणीपण उघडं पडेल ही धास्ती. लग्न होऊन घाटावरून मालवणात आले तेव्हा ही खोड फारच उपयोगी पडली, कारण तिथलं बोलणं मला निम्मंअधिक कळतच नसे. ‘खंय’ म्हणजे ‘कुठे’ हे कळायलाच मला कितीतरी दिवस गेले. तोवर कुणी ‘खंय चललंस?’ विचारलं की मी मान हलवून चालू लागायची.

शेजारच्या घरी एक ख्रिस्ती बाई राहायची. मी तिला मावशी म्हणायची. तिचं माहेर गोव्यात, नवरा बोटीवर, मूलबाळ नाही. सासूबाईंना कळायच्या आत तिनं मला मासे साफ करायला शिकवलं. पहिला बांगडा हातात घेतला तेव्हा मी डोळे गच्च मिटले होते. ती म्हणाली, “मेल्लो आसा गो तो, तुका कायएक करूचो नाय.” मला मासळी येत नाही हे तिनं कधी कुणाला कळू दिलं नाही. माझ्या त्या पहिल्या वर्षात तिचे उपकार इतके झाले, की ते फेडायची संधी मिळावी असं मला सारखं वाटायचं. ती संधी आली, आणि मी पार घाबरून गेले.

गोव्याची हद्द बंद झाली होती ती ही वर्षं. मावशीची माणसं पलीकडे अडकलेली. त्यात तिला ताप आला आणि बरेच दिवस राहिला. शनिवारी डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, “ताप उतरलाय. पण हिनं अन्न सोडलंय. सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर सावंतवाडीला हलवावं लागेल.” इकडे आमच्या घरची माणसं देवळातल्या कार्यासाठी आचऱ्याला गेलेली. मी एकटी. घर इतकं शांत की माडाची झावळी पडली तरी दचकायला व्हायचं.

मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, “मावशी, काय खावंसं वाटतंय?”

तिचे ओठ हलले. “...एज जाय.”

पेज हवीय म्हणते. मला केवढं बरं वाटलं! तिकडे आजाऱ्याला पेजच देतात. धावत घरी आले, उकडे तांदूळ शिजवले, मीठ घातलं, वाटी तिच्या ओठांशी नेली. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. जाड झाली असेल म्हणून पातळ करून नेली. तीही नको. संध्याकाळी नारळाचा रस आणि गुळाचा खडा घातला. तिनं वाटी ढकलली आणि पुन्हा तेच, “माका... एज जाय गो.” मी म्हटलं, “हो हो, आणते.” आणि मान हलवली.

जीव कुठे लागेना. आमच्या पडवीतून तिच्या पडवीत, तिथून परत. हिला काही झालं तर? नवरा समुद्रात, भाऊ हद्दीपलीकडे, मी कुणाला काय तोंड दाखवणार? माझ्या हाताला चव नाही म्हणून ती खात नाही, असंच मनानं घेतलं होतं.

रविवारी सकाळी त्यांच्या देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा झाली. मावशीला उठून जाता येईना, त्यामुळे आधीच चिडलेली. मी पुन्हा वाटी घेऊन उभी. ती अंगातलं सगळं बळ गोळा करून म्हणाली, “ती पेज तूंच खा! पेज न्हय गो घाटीणबाय, केज! केज!”

केज. हा शब्द मला ठाऊकच नव्हता. मान हलणार इतक्यात तिनं बोट दाखवलं. फळीवर मेरीमातेच्या तसबिरीखाली एक लाल मेणाची वाटी होती, तिच्यात ती सुया ठेवायची. तेव्हा आठवलं. मी नवी होते तेव्हा, हद्द बंद व्हायच्या आधीच्या नाताळात, तिचा नवरा गोव्याहून लाल गोळा घेऊन आला होता. मावशीनं मेणाचं साल काढून आतला पिवळा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मला तो साबणच वाटला होता. तोंडात टाकल्यावर मात्र खारट, दाट, माहेरच्या म्हशींच्या दुधावरल्या सायीची आठवण देणारं काहीतरी जिभेवर पसरलं, आणि मी ओशाळून दुसरा तुकडा मागितला होता. नाव मात्र विचारलं नव्हतं. तेच हे केज; त्याला चीज म्हणतात, हे मला फार पुढे कळलं.

“मावशी, हद्द बंद आहे. केज कुठून आणू?”

“दूद तापय. विनागर घाल,” ती म्हणाली.

विनागर म्हणजे तिच्या कोनाड्यातली, माडी आंबवून केलेल्या शिरक्याची बाटली. दारूबंदीचे दिवस. बूच काढलं आणि दारूसारखा वास आला तशी मी आधी दार लोटून घेतलं. त्याहून मोठी भीती दुसरीच. आमच्याकडे दूध नासणं वाईट, आणि मी आजाऱ्याच्या घरात ते मुद्दाम नासवणार! मी चुलीपाशी घुटमळत राहिले. आतून आवाज आला, “जालें काय गो?”

“दूध नासवायचं म्हणजे... तुम्ही आजारी...”

“नासना गो. जमता.”

आमच्या गाईचं सकाळचं सगळं दूध उकळलं. चमचाभर विनागर घातलं. काही होईना. आणखी घातलं. दूध तसंच पांढरंशुभ्र, माझ्याकडे बघत. दूध फाटू दे म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच देवाला हात जोडले. मग एकदम कडेला हिरवट पाणी सुटलं आणि मध्ये गोळे तरंगू लागले. फडक्यात बांधलं, मीठ चोळलं, वर वरवंटा ठेवला. गोळा दाबून बसेपर्यंत मी चार वेळा फडकं सोडून पाहिलं असेल. फडक्याला चिकटलेला चुरा चाटला. नाताळातला तो नव्हता, पण त्याचा लांबचा नातेवाईक नक्की होता.

मावशीला उशीला टेकवून बसवलं. बशीत जाडसर तुकडा. तिनं तो चावला, डोळे मिटले, बराच वेळ तोंडात घोळवला.

“हें केज न्हय,” ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात तिनं बशी पुढे केली. “आनीक मात्शें दी.”

दुसरा तुकडा खाल्ला. तिसऱ्याला थांबली, बोटं चाटली आणि म्हणाली, “आतां ती पेज हाड.”

पेज तर मी गाईला घातली होती. पण या खेपेला मान हलवली नाही. दारात उभी राहून विचारलं, “पेज ना मावशी? पेजच ना?”

“पेज गो, पेज!” मावशी ओरडली. इतक्या मोठ्यानं की मला खात्री पटली, सोमवारी सावंतवाडीला जायला लागणार नाही.