वेल्डा भांडायची थांबली तेव्हा

आमच्या बेकर्स फोर्क गावात कुणाचं बोट कापलं, कुणाच्या पोराला ताप चढला, की लोक आधी वेल्डाला फोन करतात. वेल्डा स्टॅम्पर शाळेची बस चालवते. डॉक्टरकीतलं तिला ओ की ठो कळत नाही आणि ते ती स्वतःच सांगते. लोकांना तिच्याकडून एवढंच हवं असतं: टायरच्या दुकानाशेजारच्या दवाखान्यात जायचं, की डोंगरापलीकडच्या इस्पितळात, इमर्जन्सीत? दवाखान्यात जे काय द्यायचं ते देऊन माणूस मोकळा होतो. इमर्जन्सीचं बिल मागाहून टपालाने येतं आणि मग येतच राहतं.

परवाच खालच्या वळणावरची लेटा नवऱ्यापायी फोनवर रडत होती. "मावशी, डेल शिडीवरून पडला. घोट्याचा भोपळा झालाय."

"आणि तो काय करतोय?"

"शिव्या देतोय. म्हणतो, बर्फ लाव, डॉक्टरच्या घशात एक पैसा घालणार नाही."

"मग ने दवाखान्यात. पैशावरून भांडतोय म्हणजे जिवाला धोका नाही. भांडायचा थांबला, तर मात्र दवाखान्याकडे बघूसुद्धा नकोस. थेट इस्पितळ गाठ."

हा वेल्डाचा नियम. लोक हसतात. मी तिची शेजारीण, मला हसू येत नाही. तो नियम कुठून आला ते मला ठाऊक आहे.

तिचा नवरा आर्लिस म्हणजे एक नंबरचा भांडकुदळ. चर्चमध्ये दान टाकतानासुद्धा सुट्टे परत मागेल असा. एकदा छातीत जळजळतंय म्हणाला, तर वेल्डाने घाबरून त्याला इमर्जन्सीत नेलं. निघाला काय, तर गॅस. तळलेल्या कांद्यांचा. त्या बिलापायी त्याची मासेमारीची होडी विकावी लागली आणि वेल्डाला कायमचा टोमणा मिळाला, "कांद्याने बुडालेली होडी जगात एकच, आणि ती माझी."

पुढच्या वर्षी पुन्हा छातीत दुखायला लागलं. या वेळी दोघं शहाण्यासारखी दवाखान्यात जाऊन बसली, नंबर लागायची वाट बघत. आर्लिस गप्प होता. वेल्डाला वाटलं, चला, आज डोकं तरी थंड आहे. आतल्या डॉक्टरबाईंनी त्याला बघितलं मात्र आणि म्हणाल्या, "इथे काही होणार नाही, इस्पितळात पळा." तो वाटेतच गेला.

"पैशाबद्दल एक अक्षर बोलला नाही गं," माती देऊन आल्यावर ती माझ्या ओट्यावर बसून म्हणाली. "आर्लिस स्टॅम्पर, आणि एक अक्षर नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं." त्या दिवसापासून ती जेवताजेवता उठून लोकांचे फोन घेते.

आमच्याकडे कुणाचं बिल डोईजड झालं की चर्चचं स्वयंपाकघर उघडतं. घेवड्याचं सूप, मक्याचा पाव आणि दारात त्या माणसाचा फोटो चिकटवलेला डबा. लोक पोटभर जेवतात आणि डब्यात जमेल ते टाकतात. गेल्या शरद ऋतूत एका शनिवारी पोस्टातल्या हर्शेलसाठी असंच जेवण होतं. सुपाच्या पातेल्याशी वेल्डा. तिथे दुसरं कुणी उभं राहिलेलं तिला चालतच नाही. ऐन गर्दीत तिने डाव खाली ठेवला आणि खुर्चीत बसली. जबडा चोळत होती. कपाळ घामाने ओलं.

"दाढ दुखतेय," म्हणाली.

"दाढेने एवढा घाम येतो होय? चल, दवाखाना उघडा आहे, नेते तुला."

मला वाटलं, आता म्हणेल, लवंग धर म्हणून. तिने खिशातून आपल्या ट्रकची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. "ने तुला वाटेल तिथे," म्हणाली.

ही बाई आपली किल्ली सख्ख्या भावाला देत नाही. ॲम्ब्युलन्स डोंगरापलीकडूनच यायची, ती येईपर्यंत आम्ही तिथे पोचलो असतो. तिला उचलून ट्रकमध्ये बसवलं आणि निघाले.

टायरच्या दुकानाची पाटी दिसली तशी मी मुद्दाम बोलले, "वेल्डा, इमर्जन्सीत नेऊ का? लुटतील बघ." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "माझा गिअर तरी चुकतोय म्हण." काही नाही. मला रडू यायला लागलं आणि तिचा रागही. "अगं, भांड ना माझ्याशी," मी ओरडले, आणि दवाखाना मागे टाकून ट्रक डोंगराच्या रस्त्याला घातला.

हृदयाची एक नळी बंद झाली होती. ती उघडली त्यांनी. वाटेत कुठे थांबला नाहीत हे बरं झालं, असं डॉक्टर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं तेव्हा ती डोळे मिटून पडली होती. मी गुपचूप खुर्ची ओढली.

"कुणी सांगितलं होतं तुला इथे आणायला?" डोळे न उघडताच ती म्हणाली. "दवाखाना उघडा होता की."

"तू गप्प बसली होतीस."

तिच्या डोळ्याच्या कडेने पाणी उशीवर उतरलं. आर्लिसची आठवण आली असणार. मग तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि उशाशी ठेवलेल्या इस्पितळाच्या ताटाकडे बोट केलं.

"ही जेली मी मागवलेली नाही. हिचे पैसे लावले तर देणार नाही म्हणून सांग त्यांना. आणि डब्यावर माझा तो बसच्या टोपीतला फोटो लावलात, तर याद राखा."

तोच लावला होता आम्ही. मी ढसाढसा रडत तिचं भांडण ऐकत बसले.