जेवलेली ट्यूब

“चिंता ना करो बेन, में एने कही दीधुं. हवा काढेली छे,” रमणीकभाई म्हणाले, आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

रमणीकभाई आमचे गोडाऊनकीपर. मी एका टीव्ही कंपनीच्या सुरत ब्रँचची सर्व्हिस इनचार्ज. (कस्टमर दारातून आत डोकावून “साहेब क्यां छे?” विचारायचे. मी म्हणायची, “साहेब मीच, बोला.”) नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि एक्स्चेंज ऑफर जोरात होती. जुना टीव्ही द्या, नवा रंगीत घेऊन जा. लोकांनी इतके जुने सेट आणून टाकले की नव्यांना जागा उरेना. परत घेतलेल्या सेटचं पुढे काय करायचं, हे कोणीच ठरवलं नव्हतं. जाहिरात करणाऱ्यांना तर ते सुचलंही नसावं.

त्या दिवशी मी सर्व्हिस कॉलवर कडोदऱ्याला होते. तेवढ्यात रमणीकभाईंनी टेम्पो भरून सेट भंगारात देऊन टाकले. घेणारी लताबाई. धुळ्याकडची, राहायला गोडादऱ्याला, नवरा बमरोलीला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. आमच्याकडचे रिकामे खोके तीच न्यायची. येता-जाता मला एकच प्रश्न, “जेवन्यात का ताई?” मी जेवले नसले की मान हलवून पुटपुटायची. त्या शहरात माझ्या जेवणाची चौकशी करणारं दुसरं कोणी नव्हतं.

आणि आता ती तांब्यासाठी पिक्चर ट्यूब फोडायला बसणार होती.

थोडं समजावून सांगते. जुन्या टीव्हीची जाड काचेची पिक्चर ट्यूब कारखान्यात आतली सगळी हवा काढून सील करतात. आत पोकळी, बाहेरून चहूकडून हवेचा दाब. वेडावाकडा हातोडा बसला की काच आधी आत कोसळते आणि मग तिचे तुकडे अंगावर येतात. डोळे जाऊ शकतात. म्हणजे हवा काढलेली ट्यूब, तीच धोक्याची! पण रमणीकभाई सायकलवाले. सायकलच्या ट्यूबची हवा काढली की ती लुळी पडते, तिची कसली भीती? ट्रेनिंगमध्ये त्यांनी ‘हवा काढलेली’ एवढंच ऐकलं आणि तोच निरोप प्रेमाने लताबाईला दिला.

“अहो, हवा काढलीय म्हणूनच ती फुटते!” मी ओरडले. रमणीकभाईंचा चेहरा उतरला. मी लूना काढली. लताबाई स्वयंपाक आटपला की भंगार फोडायला बसायची. वाटेत तोंडात एकच, देवा, तिचा स्वयंपाक अजून आटपलेला नसू दे.

लताबाई अंगणात बसली होती. समोर गोणपाटावर ट्यूब, पडद्याची बाजू वर. पदर खोचलेला, हातात हातोडा.

“लताबाई, थांब! हात खाली!”

ती दचकली. “काय जयं ताई? त्या भाऊनी सांगं, हवा काढेल शे.”

मी हातोडा काढून घेतला आणि तिथेच मातीत बसले. तिने आधी पाणी दिलं, मग विचारलं. आता हिला व्हॅक्यूम कसा समजवायचा? मी म्हटलं, “हिच्या पोटात काही नाही बघ. साधी हवासुद्धा नाही. म्हणून सगळीकडून हवा आत घुसायला बघते.”

लताबाईने ट्यूबकडे मायेने पाहिलं. “म्हंजे उपाशी शे.”

“हां. उपाशी आहे.”

“मंग तिले खावाले दे ना!”

मी हसले आणि मग मला रडूच आलं. खरंच सांगते, इतकं सोपं मला कुणी शिकवलं नव्हतं. तिला लांब उभं केलं. कामाच्या पिशवीतले चष्मा-हातमोजे चढवले, ट्यूबमध्ये साठून राहिलेला करंट आधी वायरने उतरवला, ट्यूब पालथी केली. मागच्या बारीक मानेच्या टोकाला काचेची छोटी चोच असते. ती पक्कडीने हलकेच मोडली. सुस्स करून हवा आत गेली.

“जेवनी,” लताबाई समाधानाने म्हणाली.

बाकीच्या सगळ्या ट्यूबना तिथेच जेवू घातलं आणि मगच उठले. दुसऱ्या दिवशी ब्रँच मॅनेजर देसाईसाहेबांसमोर उभी राहिले.

“मॅडम, आपण भंगार विकलं. पुढे ते त्यांचं.”

“सर, टीव्ही आपण बनवला. आपण नवा खपवायला जुना परत घेतला. आता तो फुटला तर डोळे मात्र तिचे?”

“तमे तो लढवा ज आव्या छो!” मी भांडायलाच आलेय म्हणून ते वैतागले. पण माणूस आतून मऊ. थोडा वेळ फोन खालीवर केला आणि म्हणाले, “शुं करवुं छे, बोलो.”

मी सांगितलं. ट्यूबमध्ये हवा भरल्याशिवाय सेट गोडाऊनबाहेर जाणार नाही. तांबं, पत्रा, कॅबिनेट लताबाईला. काच मात्र फॅक्टरीला, कारण तिच्यात शिसं असतं. नवा माल उतरवून ट्रक रिकामा परत जातोच की! फॅक्टरीने बरीच नाकं मुरडली. साहेबांनी फोनवर घसा बसवून घेतला, पण काच परत गेली.

रमणीकभाईंनी ‘हवा’ हा शब्दच सोडला. तपासलेल्या ट्यूबवर खडूने लिहायचं, ‘जेवली’. लताबाईला अक्षर येत नव्हतं. तो एक शब्द ती रांगोळीसारखा गिरवून शिकली. हेड ऑफिसचे साहेब आले, त्यांनी विचारलं, “ये क्या लिखा है?” देसाईसाहेब गंभीरपणे म्हणाले, “सर, ये खा चुकी है.” पुढचा खुलासा करताना त्यांची जी तारांबळ उडाली, ती आठवून मला अजून हसू येतं.

आता म्हणे जुना माल परत घेणं कंपन्यांना कायद्याने बंधनकारक आहे. चांगलंच झालं. मी एवढंच शिकले, की धोक्याचा माल दुसऱ्याच्या हाती देताना आपला शब्द त्याला कसा ऐकू गेला, ते विचारून घ्यावं.

माझी बदली झाली तेव्हा सामान गोडाऊनमधूनच निघालं. लताबाई कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा घेऊन आली होती. मी खाऊन होईपर्यंत समोरून हलली नाही. मग रमणीकभाईंच्या खिशातला खडू घेतला, माझ्या ट्रंकेवर वाकली आणि सावकाश एकेक अक्षर गिरवत लिहिलं, ‘जेवली’.